डिशमधल्या पोडोसाइट पेशींवरून मूत्रपिंडाच्या गाळणीविषयी काय म्हणता येते?

प्रश्नकर्ती: मी मानवी पोडोसाइटच्या, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळणीला बाहेरून वेढणाऱ्या पेशींच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशीमालिकेवर काम करते. या पेशी ३३ अंश सेल्सिअसला वाढवून आम्ही पुढे १४ दिवस ३७ अंशांना ठेवतो. विभाजन थांबते, पेशी पसरट होतात, पण शरीरातल्यासारखे एकमेकांत गुंतलेले पाय फुटत नाहीत. शेजारच्या पेशींमधल्या फटीत असणारे नेफ्रिन हे प्रथिनही कडेला न जमता पेशीत ठिपक्या-ठिपक्यांनी विखुरलेले दिसते. अशा पेशींवरून लघवीतून प्रथिन का जाते, याचा निष्कर्ष काढणे रास्त ठरेल का?

उत्तर १: ३३ अंशांना पेशींना विभाजित होत ठेवणारे विषाणूजन्य टी-अँटिजेन हे प्रथिन ३७ अंशांना टिकत नाही, एवढेच या तापमानबदलाने साधते. शरीरात पोडोसाइट आधारपटलावर (गाळणीच्या पातळ पडद्यावर) बसलेली असते, पटलाच्या पलीकडे रक्तवाहिनीच्या पेशी असतात आणि शेजारच्या पेशीचा पाय जेमतेम ४० नॅनोमीटरवर असतो. त्या फटीत समोरासमोरचे नेफ्रिन एकमेकांना धरते. डिशमध्ये ती फटच नाही, मग ते कडेला थांबेल कशासाठी? नेफ्रिनचे जनुक १९९८ मध्ये सापडले ते जन्मतःच भरपूर प्रथिन गमावणाऱ्या मुलांच्या अभ्यासातून, हे इथे विसरू नये; म्हणजे नेफ्रिनचा गळतीशी थेट संबंध आहे. डिशच्या पृष्ठभागावर लॅमिनिन-५२१ या प्रथिनाचा थर देऊन पाहा, कारण प्रौढ गाळणीच्या पटलात तेच असते. पेशी ३७ अंशांना हलवताना दाट झाल्या होत्या का आणि पॅसेज कितवा होता (पेशी कितव्यांदा नव्या डिशमध्ये उतरवल्या होत्या), हेही कळवा.

उत्तर २: मी मूत्रपिंडातल्या, गाळणीनंतरच्या नलिकेच्या पेशींवर काम करतो. ओपोसमच्या मूत्रपिंडातून आलेल्या पेशींची डिश हलत्या मंचावर ठेवली की त्या अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन जास्त शोषतात, म्हणजे द्रवाचा प्रवाह त्यांना हवाच असतो. पोडोसाइटला मात्र हा उपाय जसाच्या तसा लावू नका; प्रवाहाच्या घर्षणाने ती पटलावरून सुटूही शकते.

उत्तर ३: माझ्या मते प्रश्नच थोडा बदलावा. पेशीतला अ‍ॅक्टिन प्रथिनाचा सांगाडा कसा विस्कटतो, पेशीची पकड कशी सुटते, टीआरपीसी६ या पेशीपटलातल्या मार्गिकेतून कॅल्शियम किती आत येते, या गोष्टी तुमच्या डिशमध्ये चोख मोजता येतील. प्रथिनाच्या गळतीबद्दल बोलायचे असेल, तर अख्खे ग्लोमेरुलस (गाळणीचा केशवाहिन्यांचा गुच्छ) किंवा प्राणी हवाच.

प्रश्नकर्ती: पॅसेज २२ वा आहे आणि पेशी खरोखरच दाट झाल्या होत्या. जुन्या साठ्यातली, कमी पॅसेजच्या पेशींची नळी काढून, लॅमिनिनच्या थरावर विरळ पेरून पुन्हा सुरुवात करते. गळतीचा दावा मसुद्यातून आजच काढत आहे.