मदत हवी आहे: विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीवर चालणारं पेशंटच्या नोंदींचं सॉफ्टवेअर

नमस्कार मंडळी. अंबाजोगाईजवळ आमचा १२ खाटांचा दवाखाना आहे. काउंटरवर जुनं विंडोज, लॅबमध्ये उबुंटू (लिनक्सच), अन् आमच्या डॉक्टरीणबाई (म्हणजे सौ.) मॅकशिवाय कशाला हात लावत नाहीत. आधीचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालायचं. ते मशीन बसलं अन् ३ वर्षांचे केसपेपर त्यातच अडकले.

आता ब्राउझरमध्ये चालणारं बघतोय. एक तर ओपनईएमआर, नाहीतर बहम्नी (हे ओपनएमआरएस नावाच्या नोंदींच्या सॉफ्टवेअरवर उभं आहे). दोन्ही मुक्त स्रोत (ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला), स्वतःच्या सर्व्हरवर बसतात. नेट गेलं (उन्हाळ्यात रोजचंच) तरी आतल्या वायफायवर काम चालावं, आभा क्रमांक (पेशंटचा सरकारी डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक) जोडता यावा, अन् मुख्य म्हणजे उद्या डेटा बाहेर काढता यावा. लातूर-बीडकडं कुणी वापरतंय का? मराठीत चिठ्ठी छापताना जोडाक्षरं तुटतात का?