किकऑफ रेषेबाहेर घालवला तर दंड फक्त पाच यार्ड?

यार्डमोजणी:
एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, 2025 च्या मोसमापासून किकऑफ (खेळ सुरू करताना समोरच्या संघाकडे मारलेली किक) थेट एंड झोनमध्ये (गोलरेषेमागच्या पट्ट्यात) पडला आणि कुणी तो पळवला नाही की टचबॅक, म्हणजे समोरच्या संघाला चेंडू स्वतःच्या गोलरेषेपासून 35 यार्डांच्या रेषेवर. आणि किकऑफ कुणाचा हात न लागता साइडलाइनबाहेर गेला तर 40 वर. चुकीची किंमत पाच यार्ड! 2015 पर्यंत टचबॅक 20 वर मिळायचा, तेव्हा हीच चूक 20 यार्डांना पडायची. माझं स्पष्ट मत, चेंडू आता 45 वर द्यावा. त्यात पंट (हातातून सोडून लाथेने दूर मारलेला चेंडू) मारणारा मुद्दाम कोपऱ्यात चेंडू बाहेर घालवतो तर त्याचं कौतुक. एकाच मैदानात दोन न्याय कशाला?

डॅलसवाले_काका:
पंट आणि किकऑफ एका तागडीत घालू नका. पंट मारणारा चौथा डाउन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, सोडून स्वतःहून चेंडू देतोय. तो बाहेर गेला तर जिथे रेषा ओलांडली तिथून पुढचा खेळ. पंट हवेतच बाहेर गेला तर ती जागा कशी ठरवतात ते कधी नीट बघा. मागे उभा असलेला रेफरी चेंडूची दिशा नजरेत धरून ठेवतो, साइडलाइनवरचा पंच हात वर करून चालत येतो आणि रेफरीने हात खाली आणला की तिथेच थांबतो. चेंडू बाहेर कुठे जाऊन पडला याला काडीची किंमत नाही. किकऑफला मात्र समोरच्याला चेंडू घेऊन पळायची संधी मिळालीच पाहिजे. ती हिरावली म्हणून दंड.

कॉफिन_कॉर्नर:
दंड कसा भोवतो ते जॉन केसीला विचारा. 1 फेब्रुवारी 2004, ह्यूस्टन, सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना. 29-29, घड्याळात 1 मिनिट 8 सेकंद, आणि कॅरोलायनाच्या केसीचा किकऑफ बाहेर! समोरच्या न्यू इंग्लंडच्या टॉम ब्रेडीला 40 वरून सुरुवात. 4 सेकंद उरले असताना त्याच्याच संघातल्या व्हिनाटिएरीचा 41 यार्डांचा फील्ड गोल (खांबांमधून मारलेली 3 गुणांची किक), 32-29, खेळ खल्लास.

यार्डमोजणी:
हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण झालं. तेव्हा टचबॅक 20 वर होता, म्हणून भोवलं. आज केसीने तेच केलं तर पाच यार्डांवर सुटेल.

कॉफिन_कॉर्नर:
ब्रेडीला तेव्हा 40 मिळाले, आजही 40च मिळतील. टचबॅकशी कशाला मोजता, मैदानाशी मोजा. 40 वरून 17 यार्ड सरकलात की (एंड झोनचे 10 आणि किकसाठी मागे घेतलेले 7 धरून) 60 यार्डांचा फील्ड गोल आवाक्यात. 2021 मध्ये बाल्टिमोरच्या किकर टकरने 66 वरून मारलाय! शेवटच्या मिनिटात पाच यार्ड म्हणजे चेष्टा नाही.

वाऱ्याविरुद्ध:
45 ला माझा ठाम विरोध. 2024 मध्ये किकऑफचा साचा बदलला तो लोकांनी चेंडू परत पळवावा म्हणून. गोलरेषेपासून 20 यार्डांपर्यंतच्या पट्ट्यात चेंडू पडायला हवा, अलीकडे पडला तरी तोच 40 चा दंड. हल्ली किकर बुटका, गिरकी न घेणारा चेंडू त्या पट्ट्यात सोडतात. टप्पा पडला की तो कुठे उसळेल सांगता येत नाही, कधी थेट साइडलाइनपार. बघायला मजा येते ती यातच. दंड वाढवलात की सगळे गुपचूप एंड झोनमध्ये चेंडू भिरकावतील.

रेषेवरचा_पाय:
दंड किती यापेक्षा दंड कुणामुळे हा प्रश्न मला सतावतो. 2016 मध्ये ग्रीन बेच्या टाय मॉन्टगोमेरीने डेट्रॉइटविरुद्ध काय केलं? स्वतः साइडलाइनबाहेर राहून मैदानातल्या चेंडूला हात लावला. बाहेरच्या खेळाडूचा स्पर्श म्हणजे चेंडू बाहेर, म्हणजे किक मारणाऱ्याची चूक, आणि ग्रीन बेला 40! याला खेळ म्हणायचं का?

डॅलसवाले_काका:
नियम पाठ असण्याला लबाडी म्हणायचं का? क्रिकेटमध्ये हातात चेंडू असताना पाय दोरीला लागला की चौकार, तसंच हे.

रेषेवरचा_पाय:
अहो काका, तिथे पाय लावणाऱ्याचं नुकसान होतं. इथे पाय बाहेर ठेवणाऱ्यालाच बक्षीस!

डॅलसवाले_काका:
मग किकरने साइडलाइनशी लगट करू नये.

यार्डमोजणी:
बरं, 45 राहू द्या. निदान टचबॅक तरी पुन्हा 30 वर आणा, 2024 सारखा. फरक आपोआप 10 यार्डांचा होईल.

वाऱ्याविरुद्ध:
30 वर होता तेव्हा बहुतेक जण बिनधास्त एंड झोनमध्येच मारत होते. 35 त्याचसाठी केला ना राव!