कचरा डेपोजवळच्या विहिरी: प्लास्टिकमधली रसायनं तपासायची की नाही?

काळा पाषाण: उरुळी देवाची-फुरसुंगीत पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं पडला, आसपासच्या विहिरी नासल्या. अशा ठिकाणी तपासणी मात्र टीडीएस (विरघळलेले क्षार), नायट्रेट, ई. कोलाय (विष्ठेतले जिवाणू) एवढ्यावरच थांबते. पीव्हीसी प्लास्टिक मऊ करायला घातलेलं डीईएचपी हे रसायन प्लास्टिकला पक्कं जोडलेलं नसतं, ते झिरपत राहतं. पॉलिकार्बोनेट हे कडक प्लास्टिक आणि इपॉक्सी राळ, यांतून बीपीए (बिस्फेनॉल-ए) सुटतं. ही दोन्ही तपासल्याशिवाय विहिरीला 'पिण्यायोग्य' म्हणूच नये.

विहीरवाला: नाही पटत. डीईएचपी पाण्यात जेमतेम विरघळतं, मातीला चिकटून बसतं. बीपीए तर उघड्या, हवा खेळत्या पाण्यात जिवाणू काही दिवसांत फस्त करतात. आधी क्लोराइड मोजा. ते कशाला चिकटत नाही, पाण्याबरोबर जातं. डेपोच्या वरच्या आणि खालच्या अंगाच्या विहिरींचं एकाच दिवशी मोजा. फरक नसेल तर जीसी-एमएसवर (अशी रसायनं ओळखणारं महागडं यंत्र) पैसे कशाला? आणि नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर तान्ह्या बाळाला ते पाणी आजपासून बंद. बीपीएचं नंतर बघू.

काळा पाषाण: क्लोराइड आधी, मान्य. पण मुरूम संपला की खाली बेसाल्टच्या भेगा. तिथे चिकटायला माती कुठली? डेपोखाली ऑक्सिजनही नसतो, म्हणून बीपीए टिकतं.

लॅबवाले काका: 'फिनॉल निल आलं, म्हणजे बीपीए नाही' असं समजू नका. फिनॉलची नेहमीची चाचणी (४-अमिनोअँटिपायरिनची) बीपीएसारखी, पॅरा-जागा (रेणूतली ओएच गटासमोरची जागा) अडलेली फिनॉलं सहसा पकडत नाही. नमुना प्लास्टिकच्या बाटलीत आणलात तर सगळंच वाया. तपकिरी काचेची बाटली, टेफ्लॉन अस्तराचं झाकण, विनाइलचे हातमोजे नकोत. बोअर असेल तर ईसी (पाण्याची विद्युतवाहकता) स्थिर होईपर्यंत पंप चालवा, मग भरा. ४ अंशांवर ठेवून ७ दिवसांत निष्कर्षण (पाण्यातून रसायनं वेगळी काढणं). सोबत शुद्ध पाण्याची एक बाटली तशीच फिरवून आणा. तिच्यातही डीईएचपी सापडलं तर विहिरीला दोष देऊ नका.

विहीरवाला: एवढं सोवळं ग्रामपंचायत पाळणार? शिवाय आयएस १०५०० मध्ये (पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक) बीपीएला मर्यादाच नाही. आकडा आला तरी ताडायचा कशाशी?

काळा पाषाण: डब्ल्यूएचओची डीईएचपीला लिटरला ८ मायक्रोग्रॅम, युरोपची बीपीएला २.५ मायक्रोग्रॅम, त्यांच्याशी ताडा. अहवाल येईतोवर दाणेदार कार्बनचं फिल्टर लावा, दोन्ही धरतो. उकळून उपयोग नाही, पाणी आटतं आणि डीईएचपी मागे उरतं.

विहीरवाला: लीचेटमधली (कचऱ्यातून झिरपणारं पाणी) काळी घाण त्या कार्बनची जागा भराभर अडवते, बदलायची तारीख कोण सांभाळणार? आणि नायट्रेट त्यानं जातच नाही. तिथे आरओ, नाहीतर टँकर.