फ्लॅटमध्ये कारवानी कुत्रं: हौस की छळ?

गच्चीवरचा: परवा इथे एकाने ठोकून दिलं, "शेत नसेल तर कारवानी घेऊ नका, फ्लॅटमध्ये ठेवणं म्हणजे हरीण कपाटात कोंडणं." डोकंच फिरलं. माझी राणी तिसऱ्या मजल्यावर राहते, पहाटे ५ ला टेकडीवर तासभर हुंदडते आणि मग दिवसभर सोफ्यावर चार पाय वर करून घोरते. थंडीत अंगावर माझा जुना स्वेटर. कोंडलेली वाटते का सांगा. त्रास होतो तो सोसायटीतल्या काकूंचा, बरगड्या दिसल्या की "उपाशी ठेवता का हो?"

मांजराकाठ: तुम्ही ज्याच्यावर चिडलात तो मीच. लातूरकडचा आहे, आजोबांपासून घरात ही शिकारी कुत्री. टेकडीवर ससा उठला की तुमची राणी हाक ऐकणार नाही, तेव्हा कळेल. आमचा वाघ्या असाच सशामागे डांबरी रस्त्यावर गेला आणि ट्रकखाली आला.

निशिगंधा: म्हणजे सशामागे सोडत होता! १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे, माहितीय ना?

मांजराकाठ: सोडला नव्हता हो बाई, पट्ट्यातून निसटला. यांचं डोकं मानेपेक्षा फारसं रुंद नसतं, साधा पट्टा सर्रकन निघतो.

गच्चीवरचा: वाघ्याचं वाईट वाटलं. पट्ट्याचं मान्य, एवढंच हां. आमचीही दोनदा निसटलीय.

कृष्णाकाठचा: कारवानी कसली, मुधोळ हाउंड म्हणा की सरळ. २००५ साली पोस्टाच्या तिकिटावर तेच नाव होतं, २०२० ला 'मन की बात'मध्येही तेच.

मांजराकाठ: आला! तिकिटावर छापलं म्हणून जात बदलते का? कर्नाटकातल्या मुधोळच्या घोरपडे राजांनी ही कुत्री जोपासली, मान्य, पण आमच्याकडे वाड्यावस्त्यांवर लोक पिढ्यान्पिढ्या कारवानीच म्हणतात. या कुत्र्यांचं सरकारी केंद्र तिकडे बागलकोटात, सैन्यात गेली ती मुधोळ म्हणून, आमच्या पिल्लांना बाजारात विचारतं कोण?

कृष्णाकाठचा: कुत्रं एकच, भांडण फक्त पाटीचं.

मांजराकाठ: तुमची पाटी लागली की एकच, आमची लावली की वेगळं. वा!

निशिगंधा: मूळ प्रश्न राहिला बाजूला. ऑपरेशनची वेळ आली तर भुलीचं काय करता? अंगावर चरबी नसते, काही औषधं शरीरातून लवकर उतरत नाहीत. आमचा नसबंदीनंतर अख्खा दिवस उठला नव्हता. डॉक्टरला आधीच सांगायचं असतं हे मला कुणी बोललं नाही, आणि इथे पाट्यांवरून मारामारी.

मांजराकाठ: बरं बाई, हे खरंच कामाचं बोललात. आणि गच्चीवरचे, पाळा फ्लॅटमध्ये, पहाटे ५ ला उठणारा मालक आमच्या गावातही सापडत नाही. पण राणीचा फोटो टाका, कारवानी आहे हे बघू तरी.

गच्चीवरचा: टाकला.

मांजराकाठ: कानाला झालर आहे. शेपटीलाही. अहो, ही पश्मी, कारवानीची झालरवाली बहीण!

कृष्णाकाठचा: 😂😂

गच्चीवरचा: विकणाऱ्याने कारवानीच सांगितलं होतं.