पबमधल्या मराठी क्विझसाठी प्रश्न कसे काढावेत?

नवखा_क्विझमास्तर

नमस्कार मंडळी,

पुण्यात आमच्या ऑफिसजवळच्या एका पबमध्ये महिन्यातून एकदा इंग्रजीतून क्विझ होते. पुढच्या महिन्यात ती पूर्ण मराठीतून घ्यायला मालक तयार झालेत आणि प्रश्न काढायचं काम माझ्याकडे आलंय. दहा-बारा टेबलं असतील, टेबलाला चार-पाच माणसं. आयटीतली मंडळी आहेत, एमपीएससीची तयारी केलेली दोन-तीन मुलं आहेत आणि काहीजण आई-बाबांना घेऊन येणार आहेत.

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांतून बरेच प्रश्न उतरवून ठेवलेत. कळसूबाईची उंची, महाराष्ट्रातले जिल्हे, गोव्याला घटक राज्याचा दर्जा कधी मिळाला, असे. बहिणीला वाचून दाखवले तर ती म्हणाली, "हा भरतीचा पेपर वाटतोय."

तुम्ही लोक प्रश्न कसे काढता? एखाददुसरा नमुना दिलात तर फार मदत होईल. आणि दोन तासांना किती प्रश्न पुरतात?

चौथा_बाक

बहिणीने नेमकं सांगितलंय, तिला प्रश्न ऐकवत राहा.

पेपरातला प्रश्न एकट्याने सोडवायचा, क्विझचा अख्ख्या टेबलाने. उत्तर येतं किंवा येत नाही एवढ्यावरच निकाल लागणार असेल, तर टेबलावर कुणी कुणाशी बोलतच नाही. एकजण लिहितो, बाकीचे मोबाइल बघतात. मी कॉलेजपासून क्विझ खेळतेय, आता सेट करते. माझी अट एकच असते: उत्तर आधी ऐकलेलं नसलं तरी ठाऊक असलेल्या गोष्टींच्या आधाराने तिथवर पोचता आलं पाहिजे. आमच्यात याला 'वर्कआउट होणारा प्रश्न' म्हणतात. नमुना देते.

"१ जानेवारी १९०६ पासून भारतात प्रमाणवेळ सुरू झाली. पण एका मोठ्या बंदराच्या शहराने १९५५ पर्यंत आपली वेगळी वेळ पाळली, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. शहर कुठलं?"

आता टेबलावर काय होतं ते बघा. प्रमाणवेळ मिर्झापूरजवळच्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची, हे शाळेत शिकलेलं कुणालातरी आठवतं. एका अंशाला चार मिनिटं, हे दुसऱ्याला. ३९ भागिले ४ म्हणजे पावणेदहा. घड्याळ मागे, म्हणजे शहर पश्चिमेला. ८२.५ मधून पावणेदहा गेले की ७२.७५ उरतात. मुंबई! ज्यांना भागाकार करायचा नाही तेही पोचतात: कोलकाता पूर्वेला, तिथलं घड्याळ पुढे असणार, म्हणून बाद. चेन्नई जेमतेम नऊ मिनिटं मागे येते, तीही बाद. एकदा हा प्रश्न विचारला तेव्हा एक आजोबा टिश्यू पेपरवर भागाकार मांडत होते आणि शेजारी बसलेली नात त्यांना रेखांश सांगत होती. उत्तर जाहीर केल्यावर त्या टेबलावरून जो आवाज आला, त्यासाठी मी क्विझ सेट करते.

दुसरा नमुना पबला शोभणारा:

"वडापाव, सोबत सुकी लाल चटणी आणि तळलेली हिरवी मिरची. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला, त्याआधी भारतात नसलेले जिन्नस या प्लेटमधून वेगळे काढा."

बटाटा आणि मिरची मूळच्या अमेरिका खंडातल्या. चटणीत शेंगदाणे असतील तर तेही तिकडचेच. पाव आणला पोर्तुगीजांनी. बेसन, हळद, मोहरी, लसूण आणि खोबरं मात्र इथे फार आधीपासून होतं. प्रत्येक बरोबर जिन्नसाला एक गुण, चुकीच्याला एक वजा. वजा गुण ठेवाच, नाहीतर लोक अख्खी प्लेट लिहून देतात. लसूण लिहायचा की नाही यावर जोरदार भांडणं होतात आणि स्वयंपाक करणारं माणूस ज्या टेबलावर आहे ते टेबल पुढे जातं. आई-बाबा येणार आहेत म्हणालात ना, त्यांना असे प्रश्न हवेत.

दोन तासांना तीस प्रश्न भरपूर झाले. दहा-दहाच्या तीन फेऱ्या, सगळ्या लेखी. कॉलेजच्या क्विझमधलं बाउन्स (न आलेला प्रश्न पुढच्या संघाकडे जाणं) आणि पाउन्स (पाळी नसताना मध्येच उत्तर देणं) पबमध्ये आणू नका. दहा-बारा टेबलांत ज्याची पाळी नाही तो कंटाळतो. प्रत्येक फेरीत दोन 'सिटर' असू द्या, म्हणजे सगळ्यांना येतील असे. कुठलंही टेबल शून्यावर राहता कामा नये. प्रश्न दोनदा वाचा, पडद्यावरही दाखवा, आणि प्रश्न-उत्तराच्या मध्ये एक कोरी सेफ्टी स्लाइड टाका. चुकून बटण दाबलं गेलं तरी उत्तर फुटत नाही.

घाटमाथ्यावरून

चौथा_बाक यांच्याशी सहमत. फक्त पुस्तकातले प्रश्न उतरवताना उत्तर तपासून घ्या, त्यातली कित्येक शिळी असतात. "भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता?" हा प्रश्न अजून सर्रास दिसतो. कुठल्याच खेळाला तसा अधिकृत दर्जा दिलेला नाही, हे क्रीडा मंत्रालयाने २०१२ मध्येच माहिती अधिकारातल्या उत्तरात सांगितलंय. देशाच्या किनारपट्टीची लांबी जुन्या पुस्तकांत ७,५१६ किलोमीटर आहे, नव्या मोजणीत ती ११,०९८ च्या वर गेली. शनीचे चंद्र तर विचारूच नका. मार्च २०२५ मध्ये एकदम १२८ नवे मान्य झाले आणि आकडा २७४ वर गेला.

माझ्याकडून एक प्रश्न: १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीची भूमिका कुणी केली?

चौथा_बाक

अण्णा साळुंके. पण हा प्रश्न नाव पाठ असणाऱ्यालाच येणार. माणूस तोच ठेवून दुसऱ्या बाजूने विचारा:

"फाळक्यांच्या १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये एकाच नटाने दोन प्रमुख भूमिका केल्या. कुठल्या?"

उत्तर, राम आणि सीता. त्या काळी बायका सिनेमात काम करायला सहसा तयार नसत, हे बहुतेकांना माहीत असतं. तेवढ्या धाग्यावरून टेबल सीतेपर्यंत पोचतं, आणि मग रामाचं नाव सुचतं तेव्हा स्वतःचाच विश्वास बसत नाही. साळुंकेंचं नाव उत्तर सांगताना सांगा, तारामतीची गोष्टही तिथेच सांगा. आधी ते हॉटेलात स्वयंपाकी होते, फाळक्यांनी त्यांना तिथून आणलं. ही माणसं लोकांच्या लक्षात राहावीत असं मला मनापासून वाटतं. तेव्हा उत्तरानंतरचं अर्धं मिनिट घाईत घालवू नका.

टेम्सकाठचा_कोकणी

इंग्लंडमध्ये बरीच वर्षं आहे. इकडे क्विझ बहुतेक आठवड्याच्या मधल्या वारी असते, कारण त्या दिवशी पब रिकामे असतात. मालकाला गिऱ्हाईक मिळतं, लोकांना निमित्त. इकडची एक पद्धत उचलण्यासारखी आहे. चित्रांची एक फेरी कागदावर छापून सुरुवातीलाच टेबलावर ठेवतात आणि ती मध्यंतरात गोळा करतात. उशिरा येणाऱ्यांना लगेच काहीतरी करायला मिळतं. तुमच्याकडे किल्ल्यांचे फोटो चालतील, जुन्या मराठी नाटकांच्या जाहिराती चालतील. उत्तरपत्रिका शेजारच्या टेबलाने तपासायची, म्हणजे तुमचं काम हलकं होतं.

नवखा_क्विझमास्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. वडापावचा प्रश्न घेतलाच म्हणून समजा. ताई, अजून दोन शंका. पबच्या गोंगाटात मोबाइलवर शोधणाऱ्यांचं काय करायचं? आणि दोन टेबलांचे गुण सारखे झाले तर?

चौथा_बाक

मोबाइलचा बराचसा बंदोबस्त प्रश्नच करतो. वडापावची प्लेट सर्चमध्ये टाकायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात शेजारचं टेबल उत्तर लिहून मोकळं होतं. तरी सुरुवातीला एकदा स्पष्ट सांगा की फोन दिसला तर त्या प्रश्नाचा गुण गेला, आणि पहिल्याच वेळी तो खरंच कापा. शुद्धलेखनाचे गुण मात्र कधीही कापू नका, कुणाला म्हणायचंय ते कळलं की पुरे.

बरोबरीसाठी आकड्याचा एक प्रश्न राखून ठेवा, जवळचा आकडा जिंकतो. आकडा कुणाला पाठ नसावा, पण अंदाज प्रत्येकाला बांधता यावा. मी राजाबाई टॉवर वापरते: उंची किती फूट? उत्तर २८० आहे. दोन्ही टेबलांनी एकाच वेळी कागद वर करायचे, तोंडी उत्तर घ्यायचं नाही. दुसरं टेबल पहिल्याचं ऐकून एक फूट वर-खाली सांगतं.