मदत हवी आहे: कुंडीतल्या रेड क्लोव्हरला फुलंच येईनात (सोलापूर)

नमस्कार मंडळी. वय ५०, पाळी थांबत आलीय. रात्री अंगातून अशा वाफा निघतात की पंखा पाचवर असूनही उशी ओली. मैत्रिणीची लेक जर्मनीत असते. ती म्हणाली, तिकडे यावर रेड क्लोव्हरच्या फुलांचा चहा घेतात. म्हटलं, गच्चीवरच लावू. बी ऑनलाइन मागवलं.

दिवाळीनंतर दोन पसरट कुंड्यांत पेरलं. आपली काळी माती चिकट, म्हणून वाळू आणि शेणखत मिसळलं. बी राळ्याएवढं, वर जराशी माती भुरभुरली. आठवड्यात उगवलं. जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत कुंडी गच्च! तीन-तीन पानं, प्रत्येकावर खडूनं ८ काढावा तशी पांढरट खूण. आमचे हे बघून म्हणाले, "ही तर बरसीम. म्हैस कधी आणतेस?" (बरसीम हिची चुलत बहीणच, त्यामुळे मी गप्प.)

आता मार्च संपत आला. नळाला पाणी चार दिवसांआड, तरी बादलीतलं राखून घालते. एक कळी नाही. दुपारी पानं माना टाकतात. फुलं येतील का? आली तर कधी तोडायची? कुरडयांशेजारी उन्हात वाळवली तर चालतील? थोरल्या जाऊबाईंनाही चहा द्यायचा विचार आहे, त्यांना रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे.

पांढरीचा माळ: ताई, तुमचं काही चुकलं नाही, आपला दिवसच आखूड आहे. ही वनस्पती दिवस मोठा झाल्यावर फुलते, साधारण १४ तासांचा. सोलापुरात जूनमध्येही तो १३ च्या थोडा वर जातो, जर्मनीत १६ च्या पुढे. तिन्हीसांजेपासून तीन-चार तास एलईडी लावून बघा. पण पारा ४० च्या वर गेला की ती तग धरणं अवघड, कुंड्या आत्ताच सावलीत घ्या. मी असतो तर कार्तिकात नव्यानं पेरून थंडीतच दिवा लावला असता.
फूल पूर्ण उमललेलं, गुलाबी असताना, दव वाळल्यावर तोडायचं. तपकिरी झालं की गेलं. कुरडयांचं ऊन त्याला नको. सावलीत, सुती कापडावर एकेरी थर. बोंडाच्या पोटात ओल राहिली तर डब्यात बुरशी धरते.

खलबत्ता: मी औषधाच्या दुकानात असते, म्हणून स्पष्ट लिहिते. जाऊबाईंना घोटभरही नको, त्या गोळीसोबत रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. यात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखं काम करणारी आयसोफ्लेव्होन्स नावाची द्रव्यं असतात, तेव्हा घरात कुणाला स्तनाचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग झाला असेल तर तुम्हीही आधी डॉक्टरांना विचारा. वाफांवरच्या चाचण्या बहुतेक अर्काच्या गोळ्यांच्या आहेत, चहाच्या नाहीत, आणि त्यांचेही निकाल एकसारखे नाहीत.

धागाकर्ती: बरं झालं विचारलं. जाऊबाईंचा कप रद्द. कुंड्या जिन्याखाली आणल्यात. आमचे हे विचारतायत, ९ वॅटचा दिवा पुरेल का?