दिवा आणूनही फरक नाही? आधी अंतर मोजा

हिवाळ्यात उजेड कमी मिळून येणारी मरगळ घालवायला प्रकाशोपचाराचा दिवा (रोज सकाळी अर्धा तास समोर ठेवायचा प्रखर दिवा) आणला, पण दोन आठवडे झाले तरी मरगळ तशीच, अशी एक तक्रार आलीय. बहुतेक वेळा गडबड अंतराची असते. खोक्यावरचे 10,000 लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) हे ठरावीक अंतरावरचे असतात, लहान दिव्यांत तर जेमतेम वीतभर. अंतर दुप्पट झालं की डोळ्यांपर्यंत साधारण पाव प्रकाश पोचतो, मग 30 मिनिटं कशी पुरणार? माहितीपत्रक बघा आणि चक्क पट्टी लावा, दिव्यापासून डोळ्यापर्यंत.

दिवा समोर पण किंचित बाजूला, डोळ्यांपेक्षा थोडा वर. टक लावून बघायचं नाही, नाश्ता-वाचन चालू द्या. मोबाईलमध्ये मान घातलीत तर सगळा उजेड टाळूवर! वेळ सकाळची, उठल्यावर तासाभरात. संध्याकाळी लावलात तर झोपेचं खोबरं.

आणि यातून ड जीवनसत्त्व मिळत नाही. चांगल्या दिव्यात अतिनील किरण गाळलेले असतात. बायपोलर (टोकाचा उत्साह आणि नैराश्य आलटून-पालटून येणारा आजार) किंवा दृष्टिपटलाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

दुपारी बाहेर पडाच. आभाळ भरलेलं असलं तरी हजारभर लक्स सहज मिळतात, घरात दिवे लावूनही बहुधा 500 च्या आतच.

वसंताची फारच ओढ लागली असेल तर थंडी सरत आली की फोर्सिथियाच्या (वसंतात फुलणारं एक झुडूप) फुगीर कळ्यांच्या काड्या तिरक्या कापून कोमट पाण्यात ठेवा, हीटरपासून लांब. पाणी दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर बुडखा बुळबुळीत होऊन कळ्या सुकतात. एक ते तीन आठवड्यांत पिवळी फुलं येतात.